गाडी किती देते? (सोसायटीच्या ग्रुपवरचा एक रविवार)

सानिका, सी-६०४: नमस्कार सगळ्यांना 🙏 आम्ही पहिली गाडी घेतोय, छोटीच. नवऱ्याला हिंजवडीला कंपनीची बस आहे, म्हणजे गाडी जास्त मीच वापरणार. सिंहगड रोड ते कोथरूड, जाऊन-येऊन रोज १८ किमी. महिन्याचे फार तर ५००. पेट्रोल घ्यावी की सीएनजी? वॅगनआरच्या कागदावर पेट्रोलला लिटरमागे २४.३५ आणि सीएनजीला किलोमागे ३४.०५ किमी लिहिलंय. खरं अ‍ॅव्हरेज किती पडतं?

जोशी काका, ए-१०३: कागदावर काय, आमचेही ३६ गुण जुळले होते.

जोशी काकू, ए-१०३: मी पण आहे या ग्रुपवर.

जोशी काका: अगं सानिका, माझी वॅगनआरच आहे, २०१९ ची. गावात १८ द्यायची, डोळे झाकून. गेलं दीड वर्ष १४ च्या वर सरकत नाही. हे सगळं पेट्रोलमध्ये मिसळतात त्या इथेनॉलमुळे. उसाचा रस भरून गाडी चालवा म्हणावं.

अमोल, बी-३०२: सानिका, बिनधास्त सीएनजी घे. मी तीन वर्षं वापरतोय. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये किलोला २३, साताऱ्याकडे निघालो तर २७-२८. ३४ कधीच नाही, पण पेट्रोलच्या निम्म्यात काम होतं.

गोखले आजोबा, ए-२०१: (फॉरवर्ड) पेट्रोल नेहमी पहाटे भरावे. थंडीत पेट्रोल घट्ट असते, लिटरमागे जास्त मिळते. दहा जणांना पाठवा.

भोसले सर, बी-५०१: आजोबा, पंपाची टाकी जमिनीखाली असते. तिथे पहाट काय आणि दुपार काय, पेट्रोलला फारसा फरक कळत नाही. पहाटे जाण्याचा फायदा एकच, रांग नसते.

गोखले आजोबा: 👍

भोसले सर: सानिका, ते २४.३५ खोटं नाही, पण ते रस्त्यावरचंही नाही. ही चाचणी आपल्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या वाहन-संशोधन संस्थेत होते. गाडी जागेवरच उभी, चाकं रोलरवर फिरतात, एसी बंद. वेग किती आणि कधी बदलायचा हे सेकंदाप्रमाणे ठरलेलं. तिथे राजाराम पुलाचा सिग्नल नाही, आडवा येणारा रिक्षावाला नाही. या आकड्यावरून दोन गाड्यांची तुलना करायची, आपल्या खिशाचा अंदाज नाही करायचा. पुण्यात एक लिटर इंजिनच्या पेट्रोल गाडीला १४ ते १६ धर, हायवेला ८० च्या आसपास ठेवलीस तर २० च्या पुढे जाईल.

सानिका: अरे बापरे, १५? 😳

अमोल: म्हणून तर सीएनजी म्हणतोय.

भोसले सर: थांब अमोल, तिचा हिशोब वेगळा आहे. सोपे आकडे घेऊ. पेट्रोल १०४ धरलं आणि १५ चं अ‍ॅव्हरेज, तर किलोमीटरला ६ रुपये ९० पैसे. सीएनजी ९० धरला आणि २३ चं अ‍ॅव्हरेज, तर ३ रुपये ९० पैसे. किलोमीटरमागे वाचले ३ रुपये. आता तीच गाडी सीएनजीत घ्यायला ९० हजारांच्या आसपास जास्त मोजायचे. म्हणजे ते ९० हजार वसूल व्हायला ३० हजार किलोमीटर गाडी पळायला हवी. अमोल, तुझे महिन्याला किती होतात?

अमोल: १४००-१५००, गावी गेलो तर जास्त.

भोसले सर: म्हणजे तुझे पावणेदोन वर्षांत सुटले. सानिकाचे महिना ५०० म्हणजे वर्षाला ६ हजार. तिला पाच वर्षं लागणार. तोवर ती आठवड्याला रांगेत उभी राहणार ते वेगळंच.

अमोल: रांगेचं खरं आहे. मी रात्री अकरानंतर भरतो. ६० लिटरची टाकी म्हणतात, पण गॅस बसतो आठ-नऊ किलो. प्रेशर कमी असलं तर तेवढाही नाही. भरताना सगळ्यांनी उतरायचं, आई कुरकुरते. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी. आणि डिकी विसर, तिथे सिलिंडर बसतो. मागच्या वर्षी गणपतीत मखर बायकोच्या मांडीवर आणलं.

निकम वहिनी, सी-१०२: आमच्याकडे कांद्याचं पोतं मागच्या सीटवर बसून येतं साताऱ्याहून. सीट बेल्ट लावून 😄

निकम वहिनी: बाय द वे, जे आमच्यासारखे महिन्यातून दोनदा गावी जातात त्यांनी फास्टॅगचा वर्षाचा पास बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये आला तेव्हा ३,००० रुपयांत २०० फेऱ्या होत्या. खेड शिवापूर आणि आनेवाडीच्या टोलनाक्यांवर चालतो. आमचे चार-पाच महिन्यांत वसूल झाले.

अमोल: मुंबई एक्स्प्रेसवेला नाही चालत पण. तो राष्ट्रीय महामार्गांसाठीच आहे. मी ऐटीत गेलो आणि ३२० कापले गेले.

सेक्रेटरी: कृपया लक्ष द्या. बी विंगसमोर पांढरी स्विफ्ट आडवी लावली आहे. ज्यांची असेल त्यांनी काढावी. पाण्याचा टँकर आत यायचा आहे.

सेक्रेटरी: चर्चा चालू द्या.

जोशी काका: सर, माझ्या १४ चं काय? त्याच्यावर कोणी बोलतच नाही.

भोसले सर: काका, इथेनॉलचा दोष आहेच, पण तो अंगाला येईल तेवढाच घालू. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे २० टक्के मिसळलं की शुद्ध पेट्रोलच्या मानाने साधारण सहा-सात टक्के ताकद कमी. पण तुमची गाडी त्याआधीही शुद्ध पेट्रोलवर नव्हती चालत, २०२२ पर्यंत १० टक्के मिसळून झालं होतं. तिथून इथवर फरक तीन-साडेतीन टक्क्यांचा. सरकारनेच २०२५ मध्ये सांगितलं, ई-२० साठी (म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी) न बनलेल्या गाड्यांना तीन ते सहा टक्के कमी मिळेल. अगदी सहा धरले तरी तुमचे १८ चे १७ होतील. १४ नाही.

जोशी काका: आणि भाव? ताकद कमी केली तर भाव नको का कमी करायला? दुधात पाणी घातलं की आपण गवळी बदलतो.

भोसले सर: त्या बाबतीत मी तुमच्या बाजूने. तुमची २०१९ ची आहे, तेव्हा सर्व्हिसिंगला रबरी पाइप आणि गॅस्केट बघायला सांगा. जुन्या गाड्यांत ते २०-३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, हेही सरकारनेच म्हटलंय.

अमोल: काका, हवा कधी चेक केली?

जोशी काका: दिवाळीत.

अमोल: कुठल्या? 😂 ड्रायव्हरच्या दाराशी स्टिकर असतो, त्यावर आकडा आहे बघा. आणि उतारावर न्यूट्रल टाकता का अजून?

जोशी काका: टाकतो तर. कात्रज उतरताना अख्खा घाट फुकटात. माझ्या मारुती ८०० पासूनची सवय आहे.

भोसले सर: काका, जुन्या ८०० मध्ये कार्बोरेटर होता, तेव्हा थोडं तरी वाचत असेल. आताच्या गाडीत उलटं आहे. गिअरमध्ये ठेवून पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल बंदच करतो, चाकंच इंजिनला फिरवतात. न्यूट्रल टाकलंत की इंजिन चालू ठेवायला पेट्रोल द्यावं लागतं. आणि घाटात सगळा भार ब्रेकवर. तेवढं मात्र खरंच बंद करा.

जोशी काकू: मी दहा वर्षं सांगतेय. मी सांगितलं की ती कटकट. सरांनी सांगितलं की विज्ञान.

भोसले सर: पण काका, या दोन्हींनी १८ चे १४ होत नाहीत. दीड वर्षापूर्वी काय बदललं? गाडी कुठे जायला लागली?

जोशी काका: कुठे नाही. भाजी, बँक, आणि नातवाला शाळेतून आणणं. ते दीड वर्षापूर्वी सुरू झालं. पण शाळा तर अडीच किलोमीटरवर आहे.

भोसले सर: शाळा सुटायच्या किती आधी पोहोचता?

जोशी काका: वीस मिनिटं. नाहीतर लावायला जागा मिळत नाही.

भोसले सर: आणि ती वीस मिनिटं?

जोशी काका: गाडीतच बसतो. दुपारी साडेबाराला बाहेर कोण उभं राहणार? एसी लावून पेपर वाचतो.

अमोल: 🙆‍♂️ सापडला चोर.

भोसले सर: काका, वही घ्या. उभ्या गाडीला एसी लावून तासाला पाऊण ते एक लिटर लागतं. रोज वीस मिनिटं, महिन्यात शाळेचे २२ दिवस. झाले सात तासांच्या वर. म्हणजे सहा लिटर, चाक एक फेरासुद्धा न फिरता. तुमची गाडी महिन्याला ४०० किमी चालते असं धरू. १८ च्या हिशोबाने २२ लिटर लागायला हवं. त्यात हे सहा घाला, झाले २८. आता ४०० ला २८ ने भागा.

जोशी काका: १४.३.

जोशी काका: च्यायला.

गोखले आजोबा: 👍

सानिका: सर, तुम्ही हे सगळं लिहून ठेवता?

भोसले सर: सात वर्षं. पद्धत साधी आहे. टाकी फुल करायची, नोझल आपोआप बंद झालं की थांबायचं. तो पोरगा राउंड फिगर करायला आणखी थोडं घालतो, ते घालू द्यायचं नाही. किलोमीटर लिहायचे. पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा फुल, पावतीवरचे लिटर लिहायचे आणि भागायचं. गाडीच्या डिस्प्लेवरचा आकडा कौतुकाचा असतो, माझा एक-दीडने जास्तच दाखवतो.

पण सानिका, खरं सांगू का, त्या वहीने मला वेगळंच शिकवलं. मागच्या वर्षी माझी सेलेरिओ ६,२४० किमी चालली. पेट्रोल ४२२ लिटर, ४३,९०० रुपये. हे सगळ्यांना दिसतं. आता न दिसणारं. इन्शुरन्स ९,८०० (त्यातलं थर्ड पार्टी फक्त २,०९४, हजार सीसीच्या आत आहे म्हणून; १.२ इंजिनला तेच ३,४१६ होतं). सर्व्हिसिंग ७,२००. चार टायर साडेचार वर्षं जातात, त्याचे वर्षाला ३,५०० बाजूला. बॅटरीचे १,२००. टोल २,८००. सोसायटीचं पार्किंग ३,६००. आणि गाडी पुसणाऱ्याचे महिना ५०० प्रमाणे ६,०००. बेरीज ७८ हजार. किलोमीटरला साडेबारा.

अमोल: गाडी पुसायला सर्व्हिसिंगच्या जवळपास 😮

भोसले सर: अजून संपलं नाही. गाडी ऑन रोड ५ लाख ६० हजारांना घेतली होती. आज डीलर ३ लाख १० हजार म्हणतो. सात वर्षांत अडीच लाख गेले, वर्षाला ३५,७००. ते घातले की एकूण १ लाख १३ हजार ७००. किलोमीटरला १८ रुपये २० पैसे. पेट्रोल त्यातलं चाळीस टक्केही नाही. आपण भांडतो मात्र १४ की १६ यावर.

निकम वहिनी: म्हणजे रिक्षा स्वस्त की हो सर! २०२२ मध्ये मीटरने पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढे १७ झाले होते ना?

भोसले सर: मीटरने आली तर.

अमोल: 😂😂 सिंहगड रोडवर मीटरने आलेल्या रिक्षाचा फोटो टाका कोणीतरी.

जोशी काका: रिक्षा रात्री दोनला आईला दवाखान्यात नेते का? आमच्या वेळी याच गाडीने नेलं होतं. त्याचा रकाना आहे का वहीत?

भोसले सर: नाही काका. म्हणूनच अजून विकली नाही.

सानिका: मग सर, आमच्यासाठी काय? पेट्रोल?

भोसले सर: ५०० किलोमीटरला नवी सीएनजी नकोच. पुढे नोकरी बदलून लांब जाणार असशील तर गोष्ट वेगळी. खरं तर मी तीन-चार वर्षं जुनी, एकाच मालकाची पेट्रोल गाडी बघेन. गाडीची किंमत सगळ्यात जोरात पडते ती पहिल्या वर्षांत, ती दुसऱ्याला सोसू दे. पण नवीनच हवी असेल तर सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय आणि वरचा सेसही गेलाय. जुन्याचा भाव करताना डीलरला हे ऐकवायचं. नव्याचे भाव उतरले की जुन्याचेही उतरायला हवेत, हे ते आपणहून बोलत नाहीत.

सानिका: याला जुनी नको आहे. पहिली गाडी आहे म्हणतो, पेढे वाटायचेत.

जोशी काका: मग नवी घे, पेट्रोल घे, आणि पेढे ए-१०३ पासून सुरू कर. वहीत शेवटी सगळं मावतं.

अमोल: सीएनजीवाल्यांचा जाहीर निषेध.

सेक्रेटरी: पांढरी स्विफ्ट अजून तिथेच आहे. टँकरवाला परत गेला. आज संध्याकाळी पाणी ५ ऐवजी ७ ला येईल.

गोखले आजोबा: 👍

(पंधरा दिवसांनी, शनिवार)

जोशी काका: भोसले सर, रिपोर्ट. हवा भरली. बारा पौंड कमी होती, पंपावरचा मुलगा माझ्याकडे बघत राहिला. न्यूट्रल बंद. शाळेपुढे इंजिन बंद. फुल टू फुल भागाकार केला, तुमच्या पद्धतीने, राउंड फिगर न करता. १६.८.

भोसले सर: उत्तम! महिन्याला चार-साडेचार लिटर वाचलं. साडेचारशे रुपये समजा.

सानिका: काका, मग ती वीस मिनिटं आता उन्हात उभे राहता?

जोशी काका: छे. समोर अमृततुल्य आहे, पंख्याखाली बसतो. पेपर तिथेच मिळतो, तोही फुकट.

जोशी काकू: चहा १२ रुपये. रोज दोन. बावीस दिवस. सर, तुम्हीच भागा. आणि क्रीमरोल वेगळा, तो मला परवा शर्टावर सापडला.