मदत हवी आहे: दुपारची शिफ्ट, शेजारचा लूम आणि घरच्या घरी अभंगांचं रेकॉर्डिंग

नमस्कार मंडळी,

प्रश्न थोडा लांब आहे, पण घराचा नकाशा सांगितल्याशिवाय कुणाला नीट सांगता येणार नाही.

मी सोलापूरला पूर्व भागात राहते. पुण्याच्या कंपनीसाठी घरून काम करते, विमा दाव्यांच्या डेटाची तपासणी. क्लायंट अमेरिकेतला, त्यामुळे शिफ्ट दुपारी दोन ते रात्री अकरा. नवरा बार्शीला नोकरीला, रोज एसटीनं अप-डाऊन. घरात सासूबाई आणि आठवीतला मुलगा. वर गच्चीला लागून एक दहा बाय अकराची खोली आहे. तेच माझं ऑफिस आणि तोच माझा स्टुडिओ (हसू नका). टेबलावर एकीकडे कंपनीचा लॅपटॉप, दुसरीकडे माझा जुना लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडायची डबी) आणि एक कंडेन्सर माईक, म्हणजे बारीक आवाजही टिपणारा. पेटी खाली सतरंजीवर.

मध्यमा पूर्णपर्यंतच्या परीक्षा लग्नाआधी दिल्या होत्या. मग सगळं सुटलं, आता पुन्हा धरलंय. आषाढीच्या आधी आठ-दहा अभंग नीट रेकॉर्ड करून आमच्या भजनी मंडळाला आणि घरच्यांना द्यायचेत. पैसे मिळवायचे नाहीत, चॅनेल वगैरे काढायचं नाही. फक्त ऐकणाऱ्यानं मधेच बंद करू नये इतपत बरं हवंय. मोबाईलवर केलेलं आहे, त्यात मी विहिरीत उतरून गातेय असं वाटतं.

आता मुख्य दुखणं. खोलीच्या मागच्या भिंतीला लागून शेजारच्या काकांची लूमची शेड आहे. टॉवेल निघतात. आमच्या कानांना तो आवाज आता ऐकूसुद्धा येत नाही, पण माईकला येतो. दार-खिडक्या लावल्या की वरची खटखट बरीच दबते, उरतो तो खालचा धक्का, भिंतीतून आणि फरशीतून येणारा. हेडफोन लावून ऐकलं की अभंगाच्या तळाशी सतत धप धप. गंमत म्हणून मेट्रोनोम लावून बघितलं, तर मिनिटाला ११० ठोक्यांच्या आसपास भरतं. माझा भजनी ठेका त्याहून संथ. गाता गाता मी नकळत लूमच्या लयीकडे ओढली जाते आणि दुसऱ्या कडव्याला ठेका पुढे पळालेला असतो.

काकांशी काही भांडण नाही. त्यांचं पोट आहे ते, आणि आम्ही या घरात यायच्या आधीपासून शेड तिथंच आहे. तेव्हा 'तक्रार करा' हा सल्ला कृपया नको.

दुसरं दुखणं वेळेचं. सकाळी डबे, देवपूजा, आणि पाण्याचा दिवस असेल तर विचारूच नका. सोलापूरकरांना सांगायला नको, पाणी काही रोज येत नाही. आलं की मोटर, पिंपं, बादल्या आणि सगळ्या गल्लीचा आरडाओरडा. दहा ते साडेबारा मी मोकळी असते, पण तेव्हाच लूम भरात. रात्री अकरानंतर शेड बहुतेक वेळा बंद, गल्ली शांत. पण तोवर कॉलवर बोलून बोलून गळा बसलेला, कान हेडसेटनं दुखणारे. आणि साडेअकराला पेटीचा भाता उघडायचा म्हणजे खाली सासूबाईंची झोप. शनिवार-रविवार सुट्टी, पण सुट्टी सगळ्यांनाच असते.

तिसरं म्हणजे ऊन. आत्ता मार्चमध्येच स्लॅब तापायला लागलाय. मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला की कूलर बंद करून त्या खोलीत बसणं म्हणजे काय ते इथल्यांना ठाऊक आहे. गेल्या वर्षी पंखा बंद करून एक अभंग पूर्ण केला, तर पेटीच्या पट्ट्या घामानं इतक्या निसरड्या झाल्या की कोमल निषादावरून बोट थेट शुद्धवर.

माईक बदलू का? भिंतीला फोम लावू का? का वेळच वेगळी काढायची, आणि ती कुठून? नोकरी आणि हे एकाच खोलीत, एकाच टेबलावर सांभाळणाऱ्यांनी सांगा. खर्च पाच-सहा हजारांच्या वर नको.

प्रतिसाद: साउंडवाला_होटगीरोड

ताई, आधी फोमचं. फोम बाहेरचा आवाज अडवत नाही. खोलीतला प्रतिध्वनी कमी करतो, तोही वरच्या पट्टीतला. लूमचा धक्का अडवायला वजन लागतं, म्हणजे जाड भिंत, आणि ते तुमच्या बजेटात नाही. तेव्हा फोमवर एक रुपया घालू नका.

विहिरीत गातोय असं वाटतं ते उघड्या भिंतींमुळे. त्याला तुमच्या गल्लीतलाच माल चालेल. दोन जाड चादरी एकावर एक, भिंतीला चिकटवून नाही, भिंतीपासून चार इंच पुढे दोरीवर सोडा. आवाजाच्या लाटेची हालचाल भिंतीपाशी सगळ्यात कमी असते आणि लाटेच्या पाव लांबीवर सगळ्यात जास्त, म्हणून कापड पुढे घेतलं की तेच कापड जास्त काम करतं. चार इंचांवर साधारण ८५० हर्ट्झच्या वरचं चांगलं शोषलं जातं. जागा असेल तर आठ इंच सोडा, आणखी खालपर्यंत जाईल. तोंड भिंतीकडे न करता कपड्यांनी भरलेल्या उघड्या कपाटाकडे करून गा, फरक लगेच कळेल.

धक्क्याचं दोन प्रकारे. माईकचा स्टँड थेट फरशीवर नको, खाली गोधडीच्या चार घड्या घाला. आणि गळ्याच्या ट्रॅकवर लो-कट, म्हणजे ठरावीक हर्ट्झच्या खालचे आवाज कापणारा फिल्टर, लावा. तुमची पट्टी कुठली? काळी पाच असेल तर सा २३३ हर्ट्झचा, मंद्र पंचम १७५ च्या आसपास. १२० च्या खालचं सगळं कापलं तरी गळ्याचं काही जात नाही, लूमचं मात्र बरंच जातं.

माईक बदलायचा असेल तर डायनॅमिक (कंडेन्सरपेक्षा कमी संवेदनशील) घ्या, तोही जवळून, वीतभर अंतरावर. तो काही जादूनं बाहेरचा आवाज गाळत नाही. जवळून गाता येतं, म्हणून गेन (माईकचा आवाज वाढवायचं प्रमाण) कमी ठेवता येतो आणि लांबचं कमी येतं. पण आधी आहे त्या कंडेन्सरवरच जवळून गाऊन बघा, प-फ म्हणताना हवेचा फटका माईकला बसू नये म्हणून पुढे पॉप फिल्टरची जाळी लावून. पैसे वाचतील.

प्रतिसाद: सदाशिवपेठेतली_सोलापूरकरीण

मी पुण्यात असते, तुमच्यासारखीच दुपारची शिफ्ट आणि सुगम संगीत. मला वाटतं तुमची अर्धी अडचण 'रेकॉर्डिंग' हा एकच मोठा तुकडा धरल्यामुळे आहे. गाणं हा एक भाग. ऐकून चांगला टेक निवडणं, काटछाट, मिक्सिंग हे वेगळे भाग, आणि त्यांना शांतता लागत नाही. लूम भरात असताना सकाळी दहाला बंद हेडफोनवर काटछाट होऊ शकते. शांत वेळ फक्त गाण्यावर खर्च करा, म्हणजे ती आठवड्याला तासभर असली तरी पुरते.

शिफ्टनंतर गाऊ नका. आवाज दमलेला असतो आणि टेक ऐकताना कानही खोटं सांगतात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही हेडफोनची सुरक्षित मर्यादा सांगते. आपला कोटा कॉलमध्येच भरत येतो. कॉलसाठी एका कानाचा हेडसेट घ्या किंवा जमेल तिथं स्पीकरवर बोला, संध्याकाळचे कान वाचतील.

आणि कंपनीच्या लॅपटॉपवर गाण्यातलं काहीही ठेवू नका, एक फाईलसुद्धा. ब्लूटूथ हेडफोन दोन्हीकडे वापरत असाल तर तेही वेगळे करा. कॉलसाठी ब्लूटूथचा माईक चालू झाला की ऐकू येणाऱ्या आवाजाचा दर्जा पडतो, आणि रेकॉर्डिंग करताना आवाज कानात उशिरा पोचतो ते वेगळंच. गाण्याला वायरचेच.

प्रतिसाद: गड्डा_यात्रेतला_पाळणा

ताई मी पण पूर्व भागातलाच. माझं ढोलकीचं रेकॉर्डिंग मी लाईट गेली की करूलालो. हसू नका. लाईट गेली की लूम बंद, कूलर बंद, बोअरची मोटर बंद, शेजारचा टीव्ही बंद. सगळा भाग गप. लॅपटॉप बॅटरीवर, इंटरफेस त्याच्यावरच चालतंय. देखभालीचं शटडाऊन असलं की महावितरणचा मेसेज आधीच येतोय, बिलाला मोबाईल नंबर जोडला नसेल तर जोडून घ्या. आमच्याकडं ते बहुतेक सकाळचंच असतंय, तुमची शिफ्ट दोनला. अजून काय पायजे?

प्रतिसाद: साउंडवाला_होटगीरोड

वरच्या भावाला दंडवत. याचा आणखी एक फायदा: चार्जर काढला की अर्थिंगच्या गडबडीमुळे येणारी ५० हर्ट्झची गुणगुणही जाते. जुन्या घरांत ही हमखास असते. फक्त खोलीत इन्व्हर्टर असेल तर तो रेकॉर्डिंगपुरता बंद करा. स्क्वेअर वेव्हवाला असेल तर त्याच्यावर पंखासुद्धा घूं करतो.

धागाकर्ती

अहो, हे कसं सुचलं नाही! गेल्या आठवड्यातच मेसेज आला होता, सकाळी नऊ ते एक. मी मात्र वाय-फायचं कसं होणार म्हणून कपाळाला हात लावून बसले होते.

पट्टी काळी पाचच आहे. लो-कट आजच लावून बघितला. गळा स्वच्छ झाला, पण पेटी पातळ वाटायला लागली, कारण दोन्ही एकाच माईकवर आहेत. चादरींचा निरोप सासूबाईंना दिला. त्या म्हणाल्या, चांगल्या चादरी दोरीवर टांगून त्यांना गाणं ऐकवायचं असेल तर जुन्या घे. जुन्या चालतील ना?

आता पेटी आणि गळा वेगळा करायचा का? मला गाताना पेटी हातात नसेल तर जमत नाही.

प्रतिसाद: साउंडवाला_होटगीरोड

जुन्या उत्तम, धुऊन मऊ झालेल्या तर आणखी बऱ्या. पेटी पातळ झाली कारण तिचा खर्जाचा सूर गळ्याच्या सा च्या एक सप्तक खाली, ११६ च्या आसपास असतो. लो-कटनं तोच कापला. ट्रॅक वेगळे असतील तर लो-कट फक्त गळ्याला लावता येतो. आधी पेटी, मग त्यावर गळा असं करा.

प्रतिसाद: सदाशिवपेठेतली_सोलापूरकरीण

असहमत. अभंगात पेटी गळ्याच्या मागे जाते. आधी पेटी वाजवून ठेवली की गळा तिच्या मागे फरफटतो, तान घ्यावीशी वाटली तरी जागा नसते. असे अभंग कानाला शिस्तीचे वाटतात, पण त्यात जीव नसतो.

ताई, एकत्रच गा, माईक मात्र हलवा. कार्डिओइड, म्हणजे मुख्यतः समोरचं टिपणारा, असेल तर त्याला मागच्या बाजूनं सगळ्यात कमी ऐकू येतं. माईक ओठांच्या थोडा खाली ठेवून तोंडाकडे वर तिरका करा, म्हणजे त्याची पाठ आपोआप पेटीकडे जाते. पेटीचा आवाज मग मागून, बेताचा येतो. पंखा मात्र बंदच हवा, कारण माईकचं तोंड आता छताकडे आहे. लो-कट १०० वर आणा, खर्ज बराचसा परत येईल. लाईट गेलेली असेल तर लूमचा प्रश्नच नाही, लो-कट लावूच नका.

प्रतिसाद: गड्डा_यात्रेतला_पाळणा

पट्ट्या निसरड्या होत्यात त्याला मांडीवर सुती पंचा ठेवा, दोन कडव्यांच्या मधी बोटं पुसायची. आणि मेच्या आत उरका, मेमध्ये लाईट गेली तर त्या खोलीत गाणं नाही, फक्त घाम निघतोय.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. असं ठरवलंय: एप्रिलअखेरपर्यंत गळा-पेटी एकत्र, माईक तिरका, शटडाऊनच्या सकाळी. मे-जूनमध्ये फक्त काटछाट आणि मिक्सिंग, तेही सकाळी दहा ते बारा, खाली सासूबाईंच्या खोलीत, कारण तिथं गारवा आहे आणि हेडफोनवर लूम चालला तरी चालतो. मॅनेजरांना विचारून शटडाऊनच्या दिवशी शिफ्ट अर्धा तास उशिरा सुरू करता येईल असं दिसतंय. मेसेज आला की मी त्यांना कॅलेंडरवर टाकायचं, एवढीच त्यांची अट.

एकच राहिलं. टाळांचं काय करायचं? मंडळातल्या दोघी टाळ धरायला तयार आहेत, पण टाळ वाजला की माईकचा काटा लाल होतो आणि गळा गायब. त्यांना कुठं बसवू? खोलीत की बाहेर जिन्यात?

प्रतिसाद: साउंडवाला_होटगीरोड

जिन्यात नको, घुमेल. खोलीतच, तुमच्या समोर बसवा, माईकच्या पाठीमागे, जितकं लांब जमेल तितकं. टाळ चादरींच्या बाजूला राहतील असं बघा. गेन असा ठेवा की सगळ्यात जोरात वाजलेला टाळसुद्धा काट्यावर उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही (शून्याला आवाज फाटतो). २४ बिटवर रेकॉर्ड करत असाल तर गळा लहान दिसला तरी घाबरू नका, नंतर उचलता येतो. फाटलेला टाळ मात्र परत शिवता येत नाही. पहिला टेक झाला की अर्ध्या मिनिटाचा तुकडा इथं टाका, ऐकून सांगतो.