डोळ्यांनी शिकणाऱ्या मुलांना पाढे नकोत? अजिबात पटत नाही

गणितमाळवाली, पुणे:
काल इथे एका ताईंनी लिहिलं, की मूल चित्रांतून शिकणारं असेल आणि घरीच शिकत असेल, तर दहा वर्षांपर्यंत फक्त चित्रं नि खेळ द्या, पाढे म्हणजे छळ. राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितेय.

माझी लेक सात वर्षांची, शाळेत जात नाही. वस्तू समोर दिसल्याशिवाय तिला काही उमगत नाही. ३२ वजा १७ करताना पुढ्यात दहा-दहा काड्यांच्या तीन जुड्या आणि दोन सुट्या काड्या. दोनातून सात जात नाहीत म्हटल्यावर ती आपणहून एका जुडीचं रबर काढते, बारा सुट्या होतात, सात बाजूला सारते. मग एक जुडी उचलते. उरल्या पंधरा. हेच पुढे वहीत: दशकाला उभी रेघ, एककाला टिंब. शेवटी नुसते आकडे. सिंगापूरनं १९८०च्या दशकात हाच क्रम धरला, आधी वस्तू, मग चित्र, मग चिन्ह. यातली तिसरी पायरी गाळायची कुणी सांगितली? पाढे पाठ नसतील तर भागाकाराला दरवेळी मणी मोजत बसायचं का?

निवृत्त मास्तर, सातारा:
पाढ्यांचं पटलं. बाकीचं नाही. तो ‘व्हिज्युअल लर्नर’चा, म्हणजे डोळ्यांनीच शिकणारं मूल असा, शिक्का आधी पुसा. मानसशास्त्रज्ञ पाशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली यावरचं संशोधन तपासलं. मुलाच्या ‘शैली’प्रमाणे शिकवल्यानं जास्त कळतं, याला पुरेसा पुरावा मिळाला नाही. काड्या सगळ्याच मुलांना लागतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी भरल्या वर्गात चिंचोके वाटायचो. त्यासाठी मूल घरी बसवायची गरज नसते.

दोन मुलांची आई, नाशिक:
मास्तर, संशोधन तुमच्याकडे, मुलगा माझ्याकडे. सत्तावन्न ऐकून तो ७५ लिहायचा, आणि शाळेत त्याच्याकडून तेच पुन्हा पुन्हा लिहून घ्यायचे. घरी दशकाचे दांडे दिले, ‘पन्नास सात’ म्हणवून घेतलं, आता चुकत नाही. २०१९मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’ म्हणायचं आणलं तर केवढा गदारोळ केलात सगळ्यांनी!

मायबोलीवाला, डोंबिवली:
रास्तच होता तो! भाजीवाल्याला ‘साठ तीन रुपये’ म्हणायचं का उद्या? माझी आजी चौथी शिकलेली. पावकी, निमकी, दिडकी म्हणजे पाव, अर्धा, दीडचे पाढे तोंडपाठ, वाण्याची चूक उभ्या उभ्या पकडायची. एकोणपन्नास आणि त्रेसष्टनं तिचं काही अडलं नाही. सोपं करण्याच्या नादात पिढ्यांचं संचित घालवायला निघालात.

दोन मुलांची आई, नाशिक:
पुस्तकात जुनी नावंही होती! पुस्तकाच्या समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर, स्वतः गणितज्ञ. न वाचता ओरडलात. कानडी, तेलुगू मुलं आधी दशकच म्हणतात, त्यांचं कुठलं संचित गेलं?

म्युनिककर:
जर्मनमध्येही २१ म्हणजे ‘एक आणि वीस’, त्यामुळे माझी मुलगीही आकडे उलटे लिहायची. तिच्या बाईंनी नावांना हात लावला नाही. दशक निळ्यानं, एकक लाल रंगानं लिहायला लावलं, हळूहळू सवय सुटली. घरी शिकवायचा प्रश्नच नाही, इथे कायद्यानं शाळेत पाठवावंच लागतं.

मायबोलीवाला, डोंबिवली:
रंगांना माझी हरकत नाही. पण नाशिकच्या ताई, ‘न वाचता ओरडलात’ हे मागे घ्या.

दोन मुलांची आई, नाशिक:
नाही घेणार. जुनी नावं राहावीत एवढं मात्र मान्य. माझा मुलगा एकोणपन्नासही म्हणतो, फक्त आधी दांडे बघून ‘चाळीस नऊ’ म्हणतो.

गणितमाळवाली, पुणे:
मूळ विषयावर याल का? मास्तर, शिक्का काढला, बस्स? काड्या राहतील आणि लेकही घरीच राहील. एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेची, तिसरीच्या तोडीची पातळी आहे, तिची परीक्षा देईल. पाढ्यांना चित्राची जोड कशी द्यायची, तेवढं सांगा.

निवृत्त मास्तर, सातारा:
काड्या काढा असं मी म्हणालोच नव्हतो, नीट वाचा. चौकटीच्या वहीत सात ओळी, आठ रकाने असा आयत रंगवून घ्या. पाचव्या रकान्यानंतर उभी रेघ मारा. डावीकडे पस्तीस, उजवीकडे एकवीस, मिळून छप्पन्न. साती आठे छप्पन्न कुठून आलं ते तिला दिसेल. त्यानंतर रोज सकाळी मोठ्यानं म्हणवून घ्या, तीसपर्यंत. घरी ठेवण्याला माझा विरोध कायम आहे.