यूएमबीसीचा 2017-18चा बास्केटबॉल हंगाम : तुमचे अनुभव लिहा

मार्च आला की अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचं वारं सुटतं आणि 16 मार्च 2018च्या त्या रात्रीची दृश्यं पुन्हा फिरू लागतात. बाल्टिमोरजवळच्या यूएमबीसीने, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड, बाल्टिमोर काउंटीने, बलाढ्य व्हर्जिनिया विद्यापीठाला 74-54 असं हरवलं. पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या मानांकनाचा संघ सोळाव्याकडून कधीच हरला नव्हता. आधीच्या 135 सामन्यांत एकदाही नाही.

यूएमबीसीत आपली मराठी मुलं बरीच, मुख्यतः कॉम्प्युटरच्या मास्टर्सला. तेव्हा तिथे होतात, किंवा लांबून तो हंगाम पाहिलात, तर लिहा. त्या एका रात्रीवर थांबू नका, आगेमागेचंही येऊ द्या. सुरुवात मी करते.

धागाकर्ती, तेव्हा मास्टर्सला

मला आधी आठवतो तो जानेवारी. ऑल्बनी विद्यापीठाने आम्हांला 83-39 असं धुतलं. 44 गुणांनी! दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, कारण सामना झाल्याचंच बहुतेकांना ठाऊक नव्हतं. आमचं कॉलेज ओळखलं जायचं ते बुद्धिबळासाठी. बुद्धिबळाच्या जोरावर शिष्यवृत्ती देणारं विद्यापीठ, राष्ट्रीय विजेतेपदं मिळवलेलं. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे.

फेब्रुवारीत नवीन इव्हेंट सेंटर उघडलं आणि मैत्रिणीच्या आग्रहाने मी पहिल्यांदा सामना पाहायला गेले. जेरस लाइल्स चेंडू घेऊन निघाला की आजूबाजूचे लोक बसल्या जागी पुढे सरकायचे. त्याची पदवी झालेली होती, मोठ्या कॉलेजात जायची वाट मोकळी होती, तरी तो इथेच राहिला. हे कळल्यावर मी घरचा सामना चुकवला नाही. आमच्या साखळी स्पर्धेचा हार्टफर्डशी उपांत्य सामना आमच्याच हॉलमध्ये झाला तेव्हा घसा पार बसला होता.

सांगलीहून, एका विद्यार्थ्याचे वडील

आमच्याकडे शनिवारची सकाळ होती. पाडवा दुसऱ्या दिवशी, त्यामुळे घरात आवराआवर चाललेली. नऊच्या सुमाराला मुलाचा फोन आला. मागे एवढा गोंगाट की आधी छातीत धस्स झालं. मग तो हसतोय हे कळलं. "बाबा, आमचं कॉलेज बातम्यांत बघा," एवढंच तीनदा म्हणाला.

कर्ज काढून पाठवलेला मुलगा. नातेवाईक विचारायचे, हे कुठलं कॉलेज? आमचं उत्तर कधी नीट पोहोचायचं नाही. त्या दिवशी नाव मी सांगायच्या आधी शेजारच्या कॉलेजकुमाराने फोनवर दाखवलं. मला खेळातलं फार कळत नाही, पण त्या पोरांचे फोटो मी बराच वेळ बघत बसलो होतो.

नागपूर, माजी पॉइंट गार्ड

सगळे लाइल्सचे 28 गुण सांगतात. माझा माणूस के. जे. मौरा. पोर्तो रिकोचा, उंची 5 फूट 8 इंच, वजन जेमतेम 63-64 किलो. मी विद्यापीठाकडून खेळायचो तेव्हा उंचीवरून दर निवडीला ऐकून घ्यावं लागायचं. ही उंची घेऊन व्हर्जिनियाच्या डिफेन्ससमोर चेंडू सांभाळणं काय असतं, हे खेळलेल्यालाच कळेल. तो डिफेन्स त्या वर्षी देशात सर्वांत कडक होता. प्रतिस्पर्ध्याला सामन्यात सरासरी 54च्या आसपास गुण मिळायचे. यूएमबीसीने एकट्या दुसऱ्या हाफमध्ये 53 केले!

हाफटाइमला 21-21 होतं. व्हर्जिनिया आत गर्दी करून रिंगकडे जायची वाट बंद करते, म्हणून बाहेरून थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून टाकलेले तीन गुणांचे चेंडू, पडायलाच हवे होते. 24 पैकी 12 पडले. त्याला कुणी नशीब म्हटलं की मला राग येतो. चेंडू आत नेऊन बचाव आकसायचा आणि मोकळ्या माणसाकडे बाहेर काढायचा, हे त्यांनी सबंध हाफभर न चुकता केलं. तो दुसरा हाफ मी अजूनही आमच्या मुलांना सरावाआधी दाखवतो.

शार्लट्सव्हिल, व्हर्जिनिया

दुसऱ्या बाजूचंही कुणीतरी लिहायला हवं. आमचा व्हर्जिनियाचा संघ 31-2 असा, म्हणजे 31 विजय आणि 2 पराभव घेऊन, आला होता. डीआंद्रे हंटर मनगटाच्या दुखापतीने बाहेर होता, पण ही सबब त्या संघाने पुढे केली नाही आणि मीही करणार नाही. रात्री आमच्या इमारतीत पूर्ण शांतता. सकाळी कॉफीच्या दुकानात लोक एकमेकांकडे बघून नुसती मान हलवत होते.

त्यानंतरचं वर्ष मला जास्त मोलाचं वाटतं. वर्षभर प्रत्येक गावात त्या मुलांना तोच प्रश्न, आणि प्रशिक्षक टोनी बेनेट यांनी तो एकदाही टाळला नाही. 8 एप्रिल 2019ला मिनीआपोलिसमध्ये टेक्सास टेकला जादा वेळेत 85-77 हरवून विजेतेपद घेतलं, हंटरचे 27 गुण. माझी धाकटी तेव्हा पाच वर्षांची, तिला झोपेतून उठवून दाखवलं. आणि 2025 मध्ये आमचे प्रशिक्षक कोण झाले? रायन ओडम, त्या रात्री यूएमबीसीच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून होते तेच! आम्ही त्यांचं मनापासून स्वागत केलं.

कॅटन्सव्हिल, मेरीलँड

पाडव्याच्या संध्याकाळी पुढच्या फेरीत कॅन्सस स्टेटशी 50-43 हरलो. गुडी उतरवून, श्रीखंडाच्या वाट्या हातात घेऊन दहा-बारा जण एका खोलीत. शेवटी सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते.

यूएमबीसी, 2018ची पदवी

वर कुणीच व्हरमाँटचं लिहिलेलं नाही, म्हणून लिहितो. 10 मार्चला बर्लिंग्टनमध्ये, त्यांच्याच पॅट्रिक जिममध्ये, साखळी स्पर्धेचा अंतिम सामना. व्हरमाँट साखळीत 15-1, आम्हांला त्या हंगामात दोन्ही वेळा हरवलेलं. जिंकलो तरच राष्ट्रीय स्पर्धा, आणि तिथे आम्ही त्याआधी फक्त 2008 मध्ये पोहोचलो होतो. 62-62 बरोबरी, सेकंद संपत आलेले, आणि लाइल्सने समोरच्याच्या डोक्यावरून थ्री-पॉइंटर टाकला. 65-62. सगळी जिम गप्प, आमचे मूठभर लोक किंचाळतायत. ओडम येण्याआधीच्या हंगामात हाच संघ 7-25 होता. तो चेंडू पडला नसता तर व्हर्जिनियाशी सामना झाला त्या शार्लटला दुसरंच कुणी गेलं असतं. तो सामना पूर्ण पाहिलेलं इथे आणखी कुणी असेल तर पहिल्या हाफबद्दल लिहा, मला तो अर्धाच बघायला मिळाला होता.