कप आपला, मेट्स मात्र गेले

(‘सांगलीकर मंडळी’ हा आमचा फॅमिली ग्रुप. २८ सप्टेंबर २०२५, आशिया कपची फायनल नुकतीच संपलेली. भारतात रात्रीचे साडेबारा वाजत आलेत.)

नाना काका: जिंकलोऽऽ!! तिलक वर्मा नाबाद ६९. ३ बाद २० झाल्यावर मी उठून गच्चीवर गेलो, म्हणून डाव सावरला.

मेघा वहिनी: नाना, पुढच्या वर्ल्ड कपला तुमचं अंथरूणच गच्चीवर घालते.

सुमा आत्या: अगं पण कप कधी देणार? केव्हाचे नुसते उभे आहेत सगळे. माझे डोळे मिटायला लागले.

बंड्या न्यू जर्सी: आत्या, झोपू नकोस. जागे आहातच तर थोडं पुण्य इकडे वळवा. पंधरा मिनिटांत मेट्सची, म्हणजे आमच्या न्यूयॉर्कच्या बेसबॉल टीमची, मॅच आहे, मायामीला, तिथल्या मार्लिन्सशी. सीझनमधली १६२वी आणि शेवटची.

नाना काका: एकशे बासष्ट??

बंड्या न्यू जर्सी: मार्चच्या शेवटापासून जवळपास रोज. रोजची मॅच, रोजचं बीपी.

ताई: समीकरण काय ते सांग. नेट रनरेट वगैरे आहे का?

बंड्या न्यू जर्सी: रनरेट नाही, पण जर-तर आहेच. आम्ही ८३ जिंकल्या, ७८ हरल्या. सिनसिनाटी रेड्सचंही तेच, ८३-७८. आमच्या लीगमधून सहा टीम प्लेऑफला जातात, त्यातली शेवटची जागा उरलीय. बरोबरी झाली तर आपसातल्या मॅच बघतात, आणि तिथे रेड्स ४-२ने पुढे. पूर्वी अशा वेळी एक जादा मॅच खेळवायचे, २०२२पासून तेही बंद. म्हणजे आज आम्ही जिंकायला हवं आणि त्यांनी हरायला हवं.

नाना काका: मग रेड्सशी झालेल्या त्या सहा मॅचमधली एखादी तेव्हाच जिंकायची होती.

बंड्या न्यू जर्सी: हे मॅनेजरला कळवतो, नाना.

मेघा वहिनी: भावजी, तुमच्याकडे अजून रविवारच ना? नवरात्रीचा आजचा रंग केशरी. तुमच्या टीमची टोपी निळी-केशरी. शकुन चांगलाय.

बंड्या न्यू जर्सी: शकुनाचं नाव काढू नका वहिनी. गेल्या वर्षी १२ जूनला मॅकडोनल्ड्सचा तो जांभळा मॅस्कॉट ग्रिमेस पहिला बॉल टाकायला मैदानात आला आणि तिथून आम्ही ओळीने ७ मॅच जिंकल्या. पार लीगच्या फायनलपर्यंत गेलो, तिथे डॉजर्सनी ४-२ने घरी पाठवलं. या वर्षी १२ जूनला आम्ही ४५-२४, अख्ख्या अमेरिकेत पहिले. त्याच दिवशी कोडाई सेंगा, नऊ डावांमागे, म्हणजे अख्ख्या मॅचमागे, दीड रनसुद्धा न देणारा आमचा पिचर (तुमचा बोलर), पहिला बेस, म्हणजे धावताना गाठायचा पहिला थांबा, सांभाळायला धावला. आमच्याच पीट अलोन्सोचा थ्रो जरा उंच आला, सेंगाने उडी मारून घेतला आणि मांडीचा स्नायू गेला. तिथून पुढे ३८-५४.

सुमा आत्या: दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या ओवाळायला हव्या होत्या.

बंड्या न्यू जर्सी: कितीजणांवरून ओवाळणार? या सीझनला पिचरच ४६ वापरून झालेत. मेजर लीगमध्ये एका टीमने एका वर्षात इतके कधी वापरले नव्हते. अर्ध्यांची नावं पाठ होईपर्यंत ते गेलेसुद्धा.

ताई: आणि तो महागडा? त्याची बातमी आली होती आपल्याकडे.

बंड्या न्यू जर्सी: हुआन सोटो. १५ वर्षं, ७६ कोटी ५० लाख डॉलर.

नाना काका: थांब. (कॅल्क्युलेटर) पावणेसात हजार कोटी रुपये होतात रे!

ताई: आणि खेळला नाही?

बंड्या न्यू जर्सी: तेच तर दुखणं आहे, खेळला! ४३ होमरन, म्हणजे आपले सिक्सर समजा, ३८ बेस चोरले. अलोन्सोने ऑगस्टमध्ये टीमच्या इतिहासातला सर्वाधिक होमरनचा विक्रम मोडला. आमच्या लिंडोरचे होमरन ३१, चोऱ्याही ३१. शिव्या घालायला एक माणूस धड सापडत नाही.

आई: चोऱ्या?

ताई: आई, तो खेळाचाच भाग आहे. पोलीस येत नाहीत.

बंड्या न्यू जर्सी: पैशाचं निघालंच आहे तर नाना, हे खास तुमच्यासाठी. बॉबी बोनिया म्हणून एक खेळाडू होता. मेट्सकडून १९९९ला शेवटचं खेळला. त्याचे ५९ लाख डॉलर द्यायचे होते. क्लब म्हणाला, आत्ता नको, ८ टक्के व्याजाने नंतर देऊ. आता २०११पासून दर १ जुलैला त्याला जवळपास ११ लाख ९३ हजार डॉलर मिळतात. २०३५पर्यंत. माणूस साठी ओलांडून गेलाय.

नाना काका: ८ टक्के? गॅरंटीड?? बँकेत ३५ वर्षं घालवली, असा एफडीवाला नाही भेटला.

बंड्या न्यू जर्सी: त्या वेळच्या मालकांचे पैसे बर्नी मॅडॉफकडे होते, तोच तो पुढे महाघोटाळेबाज निघालेला. तिथे याहून जास्त सुटतील असा हिशेब होता.

नाना काका: अरारा.

आई: मला एक सांग. तुम्ही जिंकलात तर ऑक्टोबरभर तुझ्या मॅच असणार. म्हणजे दिवाळीला तू येणार नाहीस.

बंड्या न्यू जर्सी: आई, आधी आजची तर होऊ दे.

आई: मी आपलं विचारलं. चला, झोपते. देवाला सांगते काय सांगायचं ते.

(भारतात सकाळ, पावणेसात)

मेघा वहिनी: शुभ सकाळ 🌸 आजचा रंग मोरपंखी. भावजी, काय झालं?

बंड्या न्यू जर्सी: ४-० हरलो.

ताई: आणि ते रेड्स?

बंड्या न्यू जर्सी: तेही हरले. मिलवॉकीकडून, ४-२.

ताई: म्हणजे तुम्ही फक्त जिंकायचं होतं?

बंड्या न्यू जर्सी: फक्त. लोकांनी त्यांचं काम चोख केलं, आमचंच राहिलं. चौथ्या डावात मार्लिन्सनी चार रन काढले. पाचव्यात तिन्ही बेसवर आमची माणसं उभी, बॅटवर अलोन्सो. काय कडकडीत लागला बॉल! सरळ लेफ्ट फील्डरच्या हातात. हातभर इकडेतिकडे गेला असता तर मॅच बरोबरीच्या जवळ होती.

नाना काका: नशीब.

बंड्या न्यू जर्सी: नाना, इथेही सगळे त्या एका बॉलवरच रडतायत. मला नाही पटत. जूनमध्ये ओळीने ७ हरलो. ऑगस्टच्या सुरुवातीला परत ७. सप्टेंबरमध्ये ८. आणि आठ डाव संपताना मागे होतो अशा ७० मॅच, त्यातली एकही फिरवली नाही. सत्तरात शून्य! त्यातली कुठल्यातरी मंगळवारची, कोणी न बघितलेली एक मॅच ओढून काढली असती तरी आज मायामीला पाय लांब करून बसलो असतो. तेव्हा सगळे म्हणायचे, १६२ आहेत, बघू पुढे.

सुमा आत्या: ते मायामीवाले फार भारी आहेत का?

बंड्या न्यू जर्सी: कसले भारी! आधीच बाहेर पडलेले, खेळाडूंच्या पगारात सगळ्यात तळाकडचे. पण आमच्या कुंडलीतच बसलेत. २००७ला १७ मॅच उरलेल्या असताना आम्ही ७ मॅचने पुढे होतो. शेवटच्या दिवशी याच मार्लिन्सनी ८-१ हरवलं. टॉम ग्लॅव्हिनसारखा कसलेला पिचर एकाला बाद करेपर्यंत ७ रन देऊन बसला. २००८ला पुन्हा शेवटचा दिवस, पुन्हा मार्लिन्स, ४-२. ती तर आमच्या जुन्या शे स्टेडियममधली शेवटची मॅच. नंतर ते पाडलंच.

मेघा वहिनी: वास्तुशांत करून घ्या नव्या स्टेडियमची.

आई: वाईट वाटलं हो बाळा.

सुमा आत्या: वहिनी, खरं सांग. रात्री देवापुढे काय मागितलंस?

आई: मी काही मागितलं नाही. १६ तारखेचं तिकीट बघ रे. १७ला वसुबारस.

ताई: अजून ते यांकीज आहेत ना शर्यतीत? तेही तुमच्या न्यूयॉर्कचेच.

बंड्या न्यू जर्सी: ताई, तुझ्या भाच्याला इथे यांकीज म्हटलं की तोंड धुवायला लावतो.

नाना काका: तिकिटाचं बघ आधी. आणि त्या बोनियाच्या पैशावर टीडीएस कापतात का, विचारून ठेव.

बंड्या न्यू जर्सी: १५ला रात्री निघालो तर १७ला पहाटे मुंबई. दोहावरून मिळतंय. कोणाला काय हवंय ते आत्ताच लिहा, विमानतळावर गेल्यावर फोन नकोत. बदाम-अक्रोड आणणार नाही, तिकडेच स्वस्त मिळतात.