मुलगा कमावतो, मग तो आईबापाच्या रिटर्नवर कशाला?

एडिसनकर: काल इथे कुणीतरी लिहिलं, अमेरिकेत कॉलेजातल्या मुलाला आपल्या टॅक्स रिटर्नवर डिपेंडंट (आपल्यावर अवलंबून) दाखवणं म्हणजे त्याचा रिफंड खाणं. वाचून राहवलं नाही. माझ्या लेकानं कॅम्पसवर काम करून 9,000 डॉलर मिळवले आणि आम्हाला न विचारता रिटर्न भरून टाकला. 'तुम्हाला कुणी डिपेंडंट दाखवू शकतं का' या चौकटीत खूणच केली नाही. आमच्या रिटर्नवर तो डिपेंडंट होता, म्हणून आमचा रिटर्न ई-फाइलला परत आला. पोरगा 20 वर्षांचा, फुल टाइम, फी आमची, जेवणखाण आमचं. डॉर्ममध्ये असला तरी तो घरीच राहतो असं धरतात. प्रश्न 'दाखवतात का' असा नाही, 'दाखवू शकतात का' असा आहे! आणि त्याचं गेलं काय असतं? डिपेंडंटलाही पगारापुरतं स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून ठरलेली वजावट) मिळतं, म्हणजे कापलेला फेडरल टॅक्स परत आलाच असता. अडकलं ते आमचं 2,500 डॉलरपर्यंतचं अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट, म्हणजे कॉलेजच्या खर्चावर टॅक्समध्ये मिळणारी सूट.

खिडकी: फी तुम्ही भरलीत म्हणून हे बोलताय. माझ्या मुलीनं कर्ज स्वतःच्या नावावर घेतलं, उन्हाळ्यात दोन नोकऱ्या केल्या. अर्ध्याहून जास्त खर्च तिचा तिनं उचलला, म्हणजे ती डिपेंडंट नाहीच. तरी नवऱ्यानं तिला आमच्या रिटर्नवर घातलंच. का, तर 'शिकणारं मूल 24 वर्षांचं होईपर्यंत चालतं'. लहानपणी सांभाळलं म्हणून हा हक्क मिळत नाही हो.

एडिसनकर: स्कॉलरशिप तिच्या बाजूला मोजली असेल तर हिशेब चुकलाय. ती धरत नाहीत.

खिडकी: एक पैशाची स्कॉलरशिप नव्हती. आधी विचारा, मग शिकवा.

डल्लासचा बाबा: तुमचं भांडण क्रेडिटचं तरी आहे. माझा मुलगा चार वर्षांचा असताना इथे आला. आमचं ग्रीन कार्ड आलं नाही, तो 21 झाला, एच-4 (माझ्या व्हिसावरचा मुलांचा व्हिसा) संपलं, एफ-1 हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागला. पुढच्या वर्षापासून टॅक्सच्या लेखी तो नॉनरेसिडेंट, म्हणजे इथला रहिवासी नाही. माझ्याच घरात राहतो, फी मीच भरतो, पण नॉनरेसिडेंट म्हणून डिपेंडंट नाही.

एडिसनकर: धागा टॅक्सचा आहे. ग्रीन कार्डचं वेगळीकडे मांडा.

डल्लासचा बाबा: वेगळीकडे का? त्याचं नाव माझ्या रिटर्नवरून गेलं ते ग्रीन कार्डाच्या याच रांगेपायी. मूल 21 च्या आतलं धरायचं का हे बघताना त्याच्या वयातून पिटिशन (ग्रीन कार्डासाठी कंपनीनं केलेला अर्ज) पेंडिंग होतं तेवढाच काळ वजा करतात. माझं हे पिटिशन, आय-140, चार महिन्यांत मंजूर झालं, तेव्हा पेढे वाटले होते. वजा झाले ते चारच महिने. प्रायॉरिटी डेटची, म्हणजे रांगेत नंबर यायची वाट बघण्याची, इतकी वर्षं कुणी मोजली नाहीत.

खिडकी: दादा, हे माहीतच नव्हतं. आमचा नंबर 2009 मध्ये लागला, मुलगी तेव्हा लहान होती.

डल्लासचा बाबा: मुलगा विचारतो, बाबा, मी इथला नाही तर कुठला? त्याला मराठीसुद्धा धड वाचता येत नाही.

एडिसनकर: बरं, माझं बोलणं तुटक झालं. आणि खिडकीताई, कर्ज फक्त तिच्या नावावर असेल आणि त्यातूनच खर्च भागला असेल, तर तो तिचाच धरतात. तेवढं मान्य. पॅरेंट प्लस, म्हणजे आईबापानं स्वतःच्या नावावर घेतलेलं कर्ज, असतं तर मानलं नसतं.

खिडकी: पॅरेंट प्लस नाही. कागद माझ्यासमोर आहेत. आज नवऱ्याला दुरुस्त रिटर्न भरायला बसवते.