‘नुसतं डीओएस आहे’ म्हणून ओपनएसएसएलचा पॅच शनिवारवर ढकलावा का?

उंबरठा (धागाकर्ता):
ओपनएसएसएलची (सर्व्हर एन्क्रिप्शनसाठी वापरतात ती लायब्ररी) सुरक्षा-सूचना आली की आधी एवढंच बघायचं: डेटा फुटतो की नुसता सर्व्हर आडवा होतो? नुसता आडवा होणार असेल, म्हणजे निव्वळ डीओएस (डिनायल ऑफ सर्व्हिस, सेवा बंद पाडणारा हल्ला), तर भर कामाच्या वेळी पॅच लावायला धावू नये. कॉन्फिगमध्ये दार लावून घ्यावं, पॅच चाचणी सर्व्हरवर मुरू द्यावा आणि शनिवारी रात्री चढवावा.

दाखला सप्टेंबर २०१६ चा. २२ तारखेला १.१.०ए आलं. मुख्य दुरुस्ती सीव्हीई-२०१६-६३०४ ची (सीव्हीई म्हणजे जाहीर सुरक्षा-दोषाचा क्रमांक): क्लायंट दर रीनिगोशिएशनला (चालू कनेक्शनवर सुरक्षेच्या अटी नव्याने ठरवणं) भलंमोठं ओसीएसपी एक्स्टेन्शन (प्रमाणपत्र रद्द झालंय का ते विचारणारा भाग) पाठवतो आणि सर्व्हरची मेमरी फुगत जाते. त्याच आवृत्तीत ६३०७ या किरकोळ मेमरी-दोषाचाही पॅच होता, आणि घोळ त्यानेच केला. साधारण १६ केबीपेक्षा मोठा मेसेज आला की बफर नव्या जागी हलायचा, पण एक पॉइंटर जुन्याच जागेकडे बोट दाखवत राहायचा. डीओएस बुजवायला गेले आणि परका कोड चालण्याची वाट उघडून बसले. चार दिवसांत १.१.०बी काढावं लागलं. त्याच दिवशी १.०.२आय वापरणाऱ्यांनाही १.०.२जे घ्यावं लागलं, कारण त्यात सीआरएल (रद्द प्रमाणपत्रांची यादी) तपासताना क्रॅश होत होता. थांबलेले सुखात राहिले.

चावीवाला:
दाखला खरा, निष्कर्षाशी असहमत. मार्च २०२२ चा सीव्हीई-२०२२-०७७८ घ्या. बीएन_मॉड_एसक्यूआरटी हे फंक्शन मॉड्युलर वर्गमूळ काढतं, आणि मॉड्युलस मूळ संख्या आहे असं धरून चालतं. नसेल तर लूप कधीच न संपण्याची शक्यता. प्रमाणपत्रात (ओळख पटवणारी फाईल) एलिप्टिक वक्राचे पॅरामीटर उघडे लिहून बिंदू कॉम्प्रेस्ड रूपात दिला की हेच फंक्शन चालतं. तेही सही तपासण्याच्या आधी, त्यामुळे प्रमाणपत्रावर कुणाची खरी सही असण्याचीही गरज नाही.

एन्जिनएक्स (वेब सर्व्हर) क्लायंट-प्रमाणपत्र मागत असेल आणि चार वर्कर (कनेक्शनं हाताळणाऱ्या प्रोसेस) असतील, तर चार कनेक्शनं पुरे. प्रत्येक वर्कर १०० टक्के सीपीयू खात जागच्या जागी गोल फिरतो, त्याच्याकडची बाकीची कनेक्शनं लटकतात. एन्जिनएक्सचं लिमिट_रेक काय करणार? ते एचटीटीपी विनंत्या मोजतं, इथे हँडशेकच (कनेक्शनच्या सुरुवातीची बोलणी) पुरा झालेला नाही. चार कनेक्शनांत फायरवॉलला तरी काय वावगं दिसणार? वर अडकलेला वर्कर टर्म (‘थांब’ सांगणाऱ्या) सिग्नललाही दाद देत नाही. सिग्नल आल्यावर एन्जिनएक्स फक्त फ्लॅग लावून ठेवतं आणि इव्हेंट लूपमध्ये परतल्यावर तो बघतं. इथे परतणंच नाही. किल -९ मारा, मास्टर (वर्कर सांभाळणारी मुख्य प्रोसेस) नवा वर्कर काढेल, हल्लेखोर पाचवं कनेक्शन काढेल. शनिवारपर्यंत हेच करत बसणार का?

उंबरठा:
‘मागत असेल’ हे तुम्हीच लिहिलंत की. एसएसएल_व्हेरिफाय_क्लायंट मुळात ऑफच असतं. प्रमाणपत्र मागितलंच नाही तर क्लायंटचं वाचलंही जात नाही. चालू असेल ते ऑफ करा, ऑप्शनल ठेवलं असेल तरी ऑफ करा. मी म्हणतो ते दार हेच.

चावीवाला:
आणि मागचं दार? तुमचा सर्व्हर क्लायंटही असतो. प्रॉक्सी (पुढे राहून विनंत्या मागे पोचवणारा सर्व्हर) मागच्या सर्व्हरशी एचटीटीपीएसने बोलते तेव्हा त्याचं प्रमाणपत्र वाचते; प्रॉक्सी_एसएसएल_व्हेरिफाय ऑफ असलं तरी वाचतेच, फक्त पडताळत नाही. वापरकर्त्याने दिलेल्या पत्त्यावर वेबहुक (घटना घडली की आपोआप जाणारी एचटीटीपी विनंती) पाठवणारा अ‍ॅप तर अनोळखी प्रमाणपत्र स्वतःच मागायला जातो. होस्टिंग पॅनेलमध्ये ग्राहक प्रमाणपत्र चढवतात, तेही वाचलं जातं. किती दारं लावणार?

घातांक:
धागाकर्त्यांच्या बाजूने एक मुद्दा: काही डीओएस पॅचने जातच नाहीत. सीव्हीई-२००२-२०००१ बघा. डीएचई (डिफी-हेलमन किल्ली-देवाणघेवाण) वापरणाऱ्या सर्व्हरकडे क्लायंट सार्वजनिक किल्ली म्हणून वाटेल तो आकडा पाठवतो. त्याला स्वतःला काही मोजावं लागत नाही, सर्व्हर मात्र प्रत्येक वेळी महागडं घातांकाचं गणित करत बसतो. हा प्रोटोकॉलचाच स्वभाव आहे, लायब्ररी काय दुरुस्त करणार? डीएचई काढा, ईसीडीएचई (वक्रांवर चालणारा तिचाच प्रकार) ठेवा. एन्जिनएक्समध्ये १.११.० पासून एसएसएल_डीएचपॅरम दिलं नाही तर डीएचई सायफर वापरलेच जात नाहीत, तेव्हा ती जुनी ओळ खोडून टाका. पण ओपनएसएसएल ३.० पासून टीएलएस (एचटीटीपीएसमागचा प्रोटोकॉल) १.३ मध्येही एफएफडीएचई (वक्रांशिवायच्या डीएचईचे) गट आले आहेत. म्हणून एसएसएल_ईसीडीएच_कर्व्हमध्ये एक्स२५५१९ आणि प्राइम२५६व्ही१ एवढेच लिहा.

गाभारा:
+१, पण कॉन्फिगही उलटतं. एप्रिल २०२४ चा सीव्हीई-२०२४-२५११: टीएलएस १.३ वर सेशन तिकिटं (जुनं सेशन झटपट पुन्हा सुरू करायला क्लायंटला दिलेली) बंद केलेल्या काही सर्व्हरांत सेशन कॅश नीट रिकामी होत नाही, वाढतच जाते. तिकिटं बंद करणारे बहुधा सुरक्षेसाठीच बंद करतात! धोका कमी म्हणून ओपनएसएसएलने त्यासाठी लगेच आवृत्तीही काढली नव्हती.

नीडरीस्टार्ट:
वाद चालू द्या, पण ‘पॅच लावला’ म्हणजे नेमकं काय ते ठरवा. नवं लिबएसएसएल (ओपनएसएसएलची लायब्ररी-फाईल) डिस्कवर आलं तरी चालू प्रोसेसच्या पोटात जुनंच असतं. एन्जिनएक्स रीलोड करून भागत नाही: मास्टर तोच राहतो, नवे वर्कर त्याच्यातूनच फुटतात, लायब्ररी जुनीच. रीस्टार्ट करा. कनेक्शनं तोडायची नसतील तर मास्टरला यूएसआर२ सिग्नल (नवा मास्टर सुरू होतो), मग जुन्या मास्टरला विंच (त्याचे वर्कर थांबतात) आणि शेवटी क्विट (तो स्वतः बंद होतो). नंतर एलएसओएफ (उघड्या फाइली दाखवणारी कमांड) च्या यादीत लिबएसएसएलसमोर डीईएल (पुसलेली फाईल) दिसता कामा नये.

‘ओपनएसएसएल व्हर्जन’वर विसंबू नका. उबंटू २०.०४ दुरुस्तीनंतरही १.१.१एफच सांगतं, कारण दुरुस्ती मागे आणून जुन्या आवृत्तीत बसवलेली असते. पॅकेजचा चेंजलॉग उघडून त्यात सीव्हीईचा आकडा शोधा. डॉकर इमेजमधली प्रत वेगळी, नोड.जेएसच्या अधिकृत बायनरीतली त्याहून वेगळी; होस्टवरच्या अपडेटचा त्यांना पत्ताही नसतो.

उंबरठा:
वेबहुकचा मुद्दा मान्य, तिथे थांबणं परवडणार नाही. पण सगळे नोड (सर्व्हर) एकदम नकोत. लोड बॅलन्सर (रहदारी वाटणारा) मधून एक बाजूला काढा, पॅच, रीस्टार्ट, ओपनएसएसएलच्या एस_क्लायंट कमांडने टीएलएस १.२ वर जोडून मोठा ‘आर’ टाका आणि रीनिगोशिएशन नाकारलं जातंय का बघा. मग तासभर खरी रहदारी सोडून मेमरी किती चढते ते पाहून पुढचा नोड.

चावीवाला:
हे चालेल. फक्त ज्यांच्याकडे नोडच एक आहे, त्यांनी शनिवारची वाट बघू नये.