विषय: नवा हॉट टब आणि सारखा पडणारा ब्रेकर

केरीहून (नॉर्थ कॅरोलायना, अमेरिका), रविवार रात्री

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात मागच्या अंगणात हॉट टब बसवला. 240 व्होल्टचा, 50 ऍम्पियरच्या ब्रेकरवरचा. सासूबाईंचे गुडघे फार दुखतात. त्या आणि बाबा 12 मेला येतायत, त्याआधी सुरू व्हावा म्हणून घाईने एका ओळखीच्या हँडीमनकडून वायरिंग करून घेतलं.

टबचे दिवे लागतात, पण पाणी फिरवणारा छोटा पंप सुरू झाला की खट्! ब्रेकर पडतो. आज चार वेळा झालं. हँडीमन म्हणतो, "हे जीएफसीआय, म्हणजे करंटची गळती पकडणारे, ब्रेकर उगाच पडतात, मी साधा बसवून देतो." घरात सगळ्यांना ते पटलंय, मला धीर होत नाही. कुणाला यातलं कळत असेल तर प्लीज सांगा.

मॉरिसव्हिलहून, रविवार रात्री उशिरा

अगं, तू थांबलीस हे फार बरं केलंस. साधा ब्रेकर अजिबात बसवू देऊ नकोस. आधी उठून मेन पॅनलमधला टबचा ब्रेकर बंद कर, टबवर झाकण घाल, मग पुढचं वाच.

जीएफसीआय टबकडे गेलेल्या आणि तिथून परत आलेल्या करंटचा हिशेब ठेवतो. त्यात 4 ते 6 मिलीऍम्पियरची तूट आली की तो क्षणात लाइन तोडतो, कारण तेवढा करंट भलत्या वाटेने जमिनीत चाललाय, आणि ती वाट माणसाचं अंगही असू शकतं. साधा ब्रेकर असतो तारा तापून आग लागू नये म्हणून. 50 ऍम्पियर म्हणजे 50,000 मिलीऍम्पियर! माणूस मरेल एवढा करंट त्याच्या गावीही नसतो.

बर्कलीचे प्राध्यापक चार्ल्स डॅलझील यांनी माणसांवर प्रयोग करून मोजलं होतं की हातातली तार स्वतःहून सोडता येण्याची सरासरी मर्यादा पुरुषांत 16 आणि बायकांत 10.5 मिलीऍम्पियर आहे. त्यापुढे स्नायू आखडतात आणि हात सुटत नाही. त्याच डॅलझीलनी 1961 मध्ये जीएफसीआय शोधला. आपल्याकडे भारतात घरांत गळती पकडायला 30 मिलीऍम्पियरचा आरसीसीबी लावतात, इथला त्याहून कितीतरी नाजूक आहे आणि टबासाठी तो तसाच हवा. छातीभर पाण्यात बसलेल्या माणसाचे स्नायू आखडले तर तोंड पाण्याबाहेर ठेवणंही त्याच्या हातात राहत नाही.

आता तुझा ब्रेकर. "छोटा पंप सुरू झाला की खट्" हे वाचून मला पांढऱ्या तारेचाच संशय आला. टबाला चार तारा येतात: काळी, लाल, पांढरी, हिरवी. हीटर 240 वर, काळी आणि लाल यांच्यामध्ये चालतो, त्याला न्यूट्रल, म्हणजे परतीची पांढरी तार, लागत नाही. छोटा पंप किंवा ओझोनेटर (ओझोनने पाणी स्वच्छ ठेवणारं यंत्र) बऱ्याच टबांत 120 वर असतो आणि त्याचा करंट पांढऱ्या तारेतून परतीला लागतो. ती तार ब्रेकरवरच्याच न्यूट्रल स्क्रूखाली यायला हवी. ब्रेकरची स्वतःची वेटोळी पांढरी शेपटी तेवढी न्यूट्रल बारवर (बॉक्समधल्या पांढऱ्या तारांच्या पट्टीवर) जाते. टबाची पांढरी थेट बारवर आवळली, तर परत आलेला करंट ब्रेकरला दिसतच नाही. तो गळती समजून तोडतो.

हे माझं लांबून केलेलं निदान आहे. हीटरच्या एलिमेंटमध्ये पाणी शिरलं तरी ब्रेकर पडतो, आणि तेव्हा तो जीव वाचवत असतो. म्हणून लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन बोलव. परमिट काढलंय का तेही बघ, नसेल तर आता काढ. बॉक्स स्वतः उघडू नका.

एपेक्सहून, सोमवार

काका, याच विषयातलं विचारते. आमच्या जुन्या पूलच्या शिडीला ओल्या अंगाने हात लावला की झिणझिण्या येतात. काल पूलचे सगळे ब्रेकर बंद केले, तरीही येतात!

मॉरिसव्हिलहून, सोमवार

आजपासून पूलमध्ये कुणालाही उतरू देऊ नका, मुलांना तर नाहीच. ब्रेकर बंद करूनही येतंय म्हणजे ते बाहेरून, बहुधा वीज कंपनीच्या न्यूट्रलमधून येतंय. तिथे जीएफसीआयचा उपयोग नाही, बाँडिंग लागतं: शिडी, पंप, दिव्याचं खोबण, काँक्रीटमधल्या सळ्या आणि कडेची 3 फूट फरशी, सगळं 8 नंबरच्या भरीव तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडलेलं. मग हात आणि पाय एकाच व्होल्टेजवर राहतात आणि अंगातून करंट जायला कारणच उरत नाही. जुन्या पूलमध्ये ही तार तुटलेली किंवा गंजलेली निघते. वीज कंपनीला आणि इलेक्ट्रिशियनला, दोघांनाही आजच फोन करा.

केरीहून, शुक्रवार

काका, पांढरी तारच होती! इलेक्ट्रिशियनने झाकण काढून मला दाखवली, सरळ बारवर आवळलेली. शिवाय बाहेरचा डिस्कनेक्ट (टबची वीज तोडायचा स्विच) टबपासून जेमतेम 3 फुटांवर होता. पाण्यात बसून हात पोचेल तिथे तो नको, किमान 5 फूट लांब आणि टबातून दिसेल असा हवा, म्हणून तो भिंतीवर पलीकडे सरकवला. काल वायरिंग तपासणारा इन्स्पेक्टर काम पास करून गेला. ब्रेकरचं टेस्ट बटण दर महिन्याला दाबायचंय, ते कालनिर्णयवर प्रत्येक पहिल्या तारखेला लिहून ठेवलंय.